रंगीत भिंगांमुळे मनःस्थिती बदलते का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे दोन गॉगल आहेत, एक गडद राखाडी आणि एक फिकट पिवळा. राखाडी काचेतून पाहिले की मनावर मळभ येते आणि पिवळ्या काचेतून पाहिले की तरतरी येते, असे आपल्याला गेले काही महिने जाणवते आहे. हा निव्वळ मनाचा खेळ आहे की त्यामागे काही कारण आहे, आणि कारण असेल तर पिवळी भिंगेच दिवसभर, अगदी घरातही, वापरावीत का, असे आपण विचारले आहे.

नंबर तपासणे आणि भिंगे बनवून देणे हेच माझे रोजचे काम असल्यामुळे अशा तऱ्हेचे प्रश्न माझ्याकडे नेहमी येतात. आपल्याला जे जाणवते ते खरे आहे, असे मी मानतो. मात्र त्याचे श्रेय आपण रंगाला देत आहात आणि मी ते रंगाला फार थोडे देईन. भिंगातून डोळ्यांत किती प्रकाश पोहोचतो, तो दिवसाच्या कोणत्या वेळी पोहोचतो आणि भिंगामुळे डोळ्यांवरचा व कपाळावरचा ताण वाढतो की कमी होतो, या तीन गोष्टी मनःस्थितीवर अधिक परिणाम करतात, असे माझे मत आहे.

आपले निरीक्षण तसे जुनेच आहे. जर्मन कवी ग्योथे याने १८१० मध्ये रंगांविषयी जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात हिवाळ्यातल्या करड्या दिवशी पिवळ्या काचेतून बाहेर पाहिले असता डोळे सुखावतात आणि मन प्रसन्न होते, तर निळ्या काचेतून तेच दृश्य खिन्न वाटते, अशी नोंद आहे. ग्योथेचे पदार्थविज्ञान चुकले होते, पण पाहणारा म्हणून तो चोखंदळ होता. त्याने काच डोळ्यांसमोर धरली तेव्हाचा पहिला अनुभव टिपला आहे, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. तीच काच दिवसभर डोळ्यांवर राहिली असती तर तो अनुभव तसाच टिकला असता का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि आपल्या बाबतीत नेमका तोच महत्त्वाचा आहे.

आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्या अनुक्रमे आखूड, मध्यम आणि लांब तरंगलांबीच्या प्रकाशाला अधिक प्रतिसाद देतात, आणि मेंदू या तिघींच्या प्रतिसादांची एकमेकींशी तुलना करून रंग ठरवतो. पिवळे भिंग निळा प्रकाश अडवते, म्हणून सुरुवातीला आखूड तरंगलांबीच्या पेशींचा वाटा घटतो आणि सगळे पिवळसर दिसते. परंतु ज्या पेशींना प्रकाश कमी मिळतो त्यांची संवेदनशीलता थोड्याच वेळात वाढते, ज्यांना तुलनेने जास्त मिळतो त्यांची उतरते, आणि पांढरे पुन्हा पांढरे दिसू लागते. या जुळवणीचा साधा आणि अजूनही वापरात असलेला हिशेब योहानेस फॉन क्रीस या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी मांडला.

आपण हे स्वतः करून पाहावे. दिवसाउजेडी खिडकीजवळ एक कोरा पांढरा कागद ठेवावा, पिवळा गॉगल घालावा आणि कागदाचा रंग पाहावा. तो लोण्यासारखा पिवळट दिसेल. गॉगल न काढता दहा मिनिटे काहीतरी वाचत बसावे आणि पुन्हा कागदाकडे पाहावे. पिवळेपणा बराचसा ओसरलेला असेल. मग गॉगल झटकन काढावा. आता तोच कागद क्षणभर निळसर, थंड वाटेल. कागद बदलला नाही आणि खिडकीतला उजेडही बदलला नाही. डोळ्याने पिवळेपणा हिशेबातून वजा केला होता आणि ती वजाबाकी काच काढल्यावर उघडी पडली. अमेरिकेतील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात प्रौढ व्यक्तींनी रोज काही तास याप्रमाणे बरेच दिवस रंगीत भिंगे वापरली, तेव्हा ‘शुद्ध पिवळा’ कशाला म्हणायचे याविषयीचा त्यांचा निर्णय हळूहळू सरकला आणि भिंगे सोडल्यानंतरही काही दिवस सरकलेलाच राहिला. थोडक्यात, ही जुळवणी मिनिटांतही होते आणि दिवसांच्या मापानेही होते.

कावीळ झालेल्याला सगळे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. खरे पाहता काविळीच्या रुग्णाला सहसा जग पिवळे दिसत नाही. त्याचे डोळे आपल्याला पिवळे दिसतात, एवढेच. मात्र म्हणीतली कल्पना एका वेगळ्या ठिकाणी अक्षरशः खरी ठरते. वयानुसार डोळ्यातले नैसर्गिक भिंग पिवळसर आणि पुढे तपकिरी होत जाते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एका डोळ्याची झालेली असते आणि दुसऱ्याची व्हायची असते, अशा मधल्या काळात रुग्ण माझ्यासमोर बसतात तेव्हा मी त्यांना एकेक डोळा आळीपाळीने झाकून भिंतीकडे पाहायला सांगतो. शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने भिंत पांढरी, किंचित निळसर दिसते आणि दुसऱ्या डोळ्याने जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळी. बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण दोन्ही डोळे तसेच असताना त्यांना हा पिवळेपणा कधी जाणवलेलाच नसतो. क्लोद मोने या चित्रकाराची शस्त्रक्रिया १९२३ मध्ये झाली, तेव्हा त्यालाही बदललेल्या रंगांशी बराच झगडा करावा लागला होता. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. पिवळ्या काचेतून जग पाहिल्याने मन प्रसन्न राहत असते, तर मोतीबिंदू असलेली माणसे वर्षानुवर्षे प्रसन्न राहायला हवी होती. तसे काही आढळत नाही.

आता आपल्या राखाडी गॉगलकडे वळू. त्याचा रंग उदास आहे, असे आपण लिहिले आहे. परंतु चांगल्या राखाडी भिंगाचे वैशिष्ट्यच हे आहे की ते सर्व तरंगलांबींचा प्रकाश जवळपास सारख्या प्रमाणात कमी करते, त्यामुळे रंगांचे परस्परांशी असलेले नाते बदलत नाही. ज्या भिंगाला आपण रंगासाठी दोष देत आहात, त्यालाच या व्यवसायात सर्वांत ‘बिनरंगी’ टिंट, म्हणजे भिंगाला दिलेली रंगछटा, मानतात. ते फक्त प्रकाश कमी करते. म्हणून आपल्या उदासीचे कारण शोधायचे तर प्रकाशाच्या मापात शोधले पाहिजे.

गॉगलच्या भिंगांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ० ते ४ अशा पाच श्रेणी आहेत. नेहमीचा गडद गॉगल श्रेणी ३ मध्ये येतो, म्हणजे तो दृश्य प्रकाशाच्या ८ ते १८ टक्केच प्रकाश आत सोडतो. लख्ख उन्हात जमिनीवर सुमारे १,००,००० लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) इतका प्रकाश असतो. त्यातला १५ टक्के डोळ्यांपर्यंत आला तरी तो १५,००० लक्स होतो, आणि तेवढा उजेड कोणालाही पुरेसा आहे. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स धरले तर भिंगामागे १,५०० उरतात. आणि तोच गॉगल घालून आपण ४०० लक्सच्या खोलीत वावरलात तर डोळ्यांना ६० लक्सच मिळतात, म्हणजे जिन्यातल्या मंद दिव्याइतका उजेड. भर दुपारी आपण स्वतःपुरती दिवेलागण करून घेतलेली असते. राखाडी गॉगल आपण नेमका कुठे आणि किती वेळ घालता हे आपण लिहिलेले नाही, पण ‘घरातही वापरावीत का’ या आपल्या शब्दांवरून तो घरात शिरल्यावरही उतरत नसावा, अशी मला शंका येते.

प्रकाश आणि मन यांचा संबंध केवळ पाहण्यातून येत नाही. दृष्टिपटलात मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असलेल्या काही चेतापेशी असतात, आणि त्या स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे २००२ मध्ये सिद्ध झाले. त्यांचा भर चित्र उमटवण्यावर नसतो. दिवस आहे की रात्र याची खबर त्या मेंदूतल्या जैविक घड्याळाला देतात, आणि सुमारे ४८० नॅनोमीटरच्या म्हणजे निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक संवेदनशील असतात. झोप, सकाळची जाग, दिवसभराचा उत्साह हे सारे या घड्याळाशी बांधलेले आहे. ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेनथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. त्यावर आजही सकाळी सुमारे अर्धा तास १०,००० लक्सच्या पांढऱ्या प्रकाशासमोर बसणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. तेव्हा ज्याचे मन आधीच खचलेले आहे अशा माणसाने सकाळच्या उजेडात गडद भिंगे घालून बसणे म्हणजे या उपचाराच्या नेमके उलटे करणे होय. असे रुग्ण मला अधूनमधून भेटतात. उजेड सहन होत नाही म्हणून ते घरात गडद चष्मा लावतात, डोळे अंधाराला सरावतात, त्यामुळे उजेड आणखी बोचतो आणि चष्मा आणखी गडद होत जातो. त्यांचे टिंट मी एकदम काढत नाही. काही आठवड्यांत एकेक पायरी फिकट करत आणतो.

पिवळ्या भिंगाची गंमत वेगळी आहे. ते घातले की सगळे अधिक उजळ वाटते, पण प्रकाशमापक लावून पाहिले तर आत येणारा प्रकाश थोडा कमीच झालेला असतो. उजळपणाच्या जाणिवेत निळ्या प्रकाशाचा वाटा मुळात लहान असतो, त्यामुळे तो अडवल्याने फारसा काळोख होत नाही. मात्र निळसर आकाश आणि धुरकट पार्श्वभूमी गडद होते आणि तिच्यापुढच्या वस्तूंच्या कडा उठून दिसतात. ढगाळ, सपाट उजेडात हा फरक मोठा वाटतो. दृश्याला धार आली की मनालाही तरतरी आल्यासारखे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०१० मध्ये दृष्टिपटलाच्या विद्युत प्रतिसादाची मोजणी करून असे दाखवले होते की, नैराश्य असलेल्या व्यक्तींत काळ्या-पांढऱ्यातील फरकाला मिळणारा प्रतिसाद निरोगी व्यक्तींपेक्षा क्षीण असतो. ‘सगळे फिके दिसते’ ही तक्रार म्हणजे केवळ अलंकार नसावा, असा मी त्याचा अर्थ घेतो. पिवळ्या काचेने नैराश्य बरे होते, असा अर्थ मात्र त्यातून निघत नाही.

मनःस्थितीशी सरळ जोडलेली आणि चष्म्याच्या चर्चेत हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कपाळावरची आठी. उन्हात डोळे किलकिले करताना भुवया जवळ येतात आणि चेहरा रागावलेल्या माणसासारखा होतो. इटलीतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उन्हाला तोंड करून गॉगलशिवाय चालणाऱ्यांनी स्वतःच्या मनातला राग आणि आक्रमकपणा अधिक असल्याचे सांगितले. उन्हाकडे पाठ असलेल्यांनी किंवा गॉगल घातलेल्यांनी तो कमी सांगितला. चेहऱ्याचे स्नायू मनाला किती ओढत नेतात याविषयी मानसशास्त्रज्ञांत वाद आहेत. माझ्या व्यवहारात मात्र मी इतकेच पाहतो की, डोळे दिपणे थांबले की माणसाची चिडचिड उतरते, मग भिंग तपकिरी असो, हिरवे असो वा राखाडी.

याच संदर्भात आपल्या राखाडी गॉगलची एक साधी तपासणी करावी, कारण कधी कधी दोष टिंटचा नसून भिंगाच्या घडणीचा असतो. गॉगल हातभर अंतरावर धरून त्यातून दाराच्या चौकटीची उभी कड पाहावी आणि गॉगल सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावा. ज्याला नंबर नाही अशा भिंगात ती कड सरळच राहिली पाहिजे. ती मध्येच वाकली किंवा लाटेसारखी हलली, तर ते भिंग दिवसभर डोळ्यांना नकळत शीण देत असते, आणि संध्याकाळी डोके जड झाले की आपण ते उदासीच्या खात्यावर टाकतो. दोन्ही भिंगे सारखी गडद आहेत ना, हेही पांढऱ्या कागदावर ठेवून पाहावे. एक भिंग दुसऱ्याहून बरेच गडद असेल तर हलत्या वस्तूंच्या अंतराचा अंदाज चुकतो. कार्ल पुल्फरिख या जर्मन शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले होते.

मग रंगाला स्वतःचे काहीच बळ नाही का? थोडे आहे, पण ते लोक समजतात तसे नाही. १९९४ मधील एका अभ्यासात रंगाच्या नावापेक्षा तो किती उजळ आहे आणि किती भडक किंवा फिका आहे यांवरून भावना अधिक ठरतात, असे दिसले. आवडीनिवडीचा मोठा भाग त्या रंगाच्या कोणत्या वस्तू आपल्या आयुष्यात आल्या यावर अवलंबून असतो, असे २०१० मधील दुसरे संशोधन सांगते. म्हणून एखाद्याला निळसर काच शांत वाटेल आणि दुसऱ्याला आजारपणाची आठवण करून देईल. याउलट, अमुक रंग म्हणजे अमुक भावना असे कोष्टक करणाऱ्यांचा इतिहास फारसा गौरवाचा नाही. अमेरिकेत १८७६ च्या सुमारास ऑगस्टस प्लेझंटन या गृहस्थाने निळ्या काचेतून आलेल्या उन्हाने रोग बरे होतात असे प्रतिपादन केले, आणि लोकांनी खिडक्यांना निळ्या काचा बसवण्याचा सपाटा लावला. त्याचे पुस्तकसुद्धा निळ्या कागदावर निळ्या शाईने छापलेले होते. पुढे १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका लष्करी कोठडीच्या भिंती विशिष्ट गुलाबी रंगाने रंगवून कैदी शांत होतात असा दावा झाला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काटेकोर प्रयोगात तो टिकला नाही.

अपेक्षेचा वाटाही मान्य करावा लागतो. गिऱ्हाइकाच्या हातात नमुन्याच्या रंगीत भिंगांची पेटी दिली की, ज्याची स्तुती त्याने आधी ऐकलेली असते तेच भिंग त्याला ‘बरे वाटते’. यात त्याचा खोटेपणा नसतो. म्हणून मी नमुने दाखवताना कोणता रंग कशासाठी चांगला हे शेवटपर्यंत बोलत नाही.

तरीही काही ठिकाणी टिंटचा उपयोग औषधासारखा होतो, आणि तो कुठे होतो हे पाहिले की वरचा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. नॉर्वेमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उन्मादाच्या झटक्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांना नेहमीच्या औषधांच्या जोडीने सात दिवस संध्याकाळी ६ ते सकाळी ८ या वेळात निळा प्रकाश अडवणारे नारिंगी चष्मे दिले, आणि साध्या काचांचे चष्मे दिलेल्यांच्या तुलनेत त्यांचा उन्माद बराच कमी झाला. रुग्णांची संख्या लहान होती, पण परिणाम ठळक होता. येथे नारिंगी रंगाने मन रिझवले नाही. शरीराच्या घड्याळासाठी कृत्रिम रात्र निर्माण केली. अर्धशिशीच्या रुग्णांना एफएल-४१ नावाचे गुलाबीसर टिंट काही वेळा आराम देते, कारण ते बोचणाऱ्या निळ्या-हिरव्या पट्ट्यातला प्रकाश कमी करते. दुखणे कमी झाले की मन आपोआप सावरते. संगणकासमोरच्या ‘ब्लू कट’, म्हणजे निळा प्रकाश काही अंशी अडवणाऱ्या, भिंगांबद्दल मात्र मी गिऱ्हाइकांना फारसे आश्वासन देत नाही. २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात डोळ्यांचा शीण अल्पकाळात कमी होण्याच्या बाबतीत साध्या भिंगांपेक्षा त्यांचा काही फायदा दिसला नाही.

तेव्हा पिवळी भिंगे दिवसभर वापरावीत का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. डोळे काही वेळातच त्या रंगाला सरावतील आणि आपल्याला आवडलेला पहिला उजळपणा ओसरेल. शिवाय सकाळचा जो निळसर उजेड आपल्या जैविक घड्याळाला हवा असतो, त्यातला काही भाग ही भिंगे नेमका अडवतात. ढगाळ दिवशी बाहेर पडताना, खेळताना किंवा फिरायला जाताना ती खुशाल घालावीत. रात्री वाहन चालवताना पिवळी भिंगे घालण्याची पद्धत बरीच रूढ आहे, पण तिचा उपयोग नाही. २०१९ मधील चाचणीत समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात पादचारी ओळखण्यासाठी अशा भिंगांची काही मदत झाली नाही. ७५ टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश आत सोडणारे कोणतेही भिंग तिन्हीसांजेला किंवा रात्री वाहन चालवताना वापरू नये.

राखाडी गॉगल टाकून देण्याची गरज नाही. तो लख्ख उन्हासाठी ठेवावा आणि उंबऱ्यापाशी उतरवण्याची सवय लावावी. सकाळचा पहिला अर्धा-पाऊण तास बाहेर काढता आला तर तो टिंटशिवाय काढावा, सूर्याकडे थेट न पाहता. असे तीन आठवडे करून पाहावे आणि रोज रात्री झोपेची वेळ व दिवसभराची मनःस्थिती दोन ओळींत लिहून ठेवावी; त्या दिवशी कोणता गॉगल घातला होता ते वेगळ्या पानावर लिहावे, म्हणजे एक नोंद करताना दुसरी डोळ्यांसमोर राहणार नाही. मात्र उदासी दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज राहत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, तर हा प्रयोग पूर्ण होण्याची वाट न पाहता डॉक्टरांना भेटावे. उजेड सहन न होणे हे लक्षण नवीन असेल तर नेत्रतज्ज्ञांकडून डोळ्यांची तपासणीही करून घ्यावी, कारण डोळ्याच्या आतली सूज अशा तक्रारीने सुरू होऊ शकते.

नवे टिंट करून घ्यायचेच असेल, तर बाहेरच्या सर्वसाधारण वापरासाठी मी आपल्याला मध्यम तपकिरी, श्रेणी २ चे, म्हणजे १८ ते ४३ टक्के प्रकाश सोडणारे भिंग सुचवीन. त्यात पिवळ्या भिंगासारखी थोडी धार मिळते आणि उन्हाची तिरीपही बोचत नाही. ऑर्डर देताना आकड्याचा अर्थ विचारून घ्यावा, कारण आमच्या व्यवसायात ‘८५ टक्के टिंट’ म्हणजे ८५ टक्के प्रकाश अडवणारे भिंग. ८५ टक्के सोडणारे नव्हे. भिंग गरम रंगद्रवात बुडवून रंगवले जाते आणि कारागीर ते मधूनमधून बाहेर काढून पांढऱ्या कागदावर नमुन्याशी ताडून पाहतो, त्यामुळे दोन खेपांत थोडा फरक पडतोच. तयार भिंग ताब्यात घेण्यापूर्वी ते डोळ्यांवर लावून दुकानाबाहेर दिवसाच्या उजेडात यावे, आपल्या तळहाताकडे आणि नंतर आरशात आपल्या चेहऱ्याकडे पाहावे. स्वतःची कांती आजारी, हिरवट दिसू लागली तर ते टिंट परत करावे.